खरूज नाही, अ‍ॅलर्जी आहे

३ मार्च
आजपासून खाजवणं बंद. संकल्प पक्का.

बोटांच्या बेचक्यांत, मनगटांना आणि कमरेभोवती बारीक पुरळ आहे. दिवसा ठीक असतं. अंथरुणात शिरलं की अंगाची नुसती लाही लाही होते. कारण मी शोधून काढलंय. बायकोनं कपडे धुण्याची नवी पावडर आणली, एकावर एक फुकट म्हणून. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, माझेही कपडे त्याच पावडरीत निघतात, मला कुठे खाज येते? मी म्हणालो, माझी त्वचा मुळात नाजूक आहे. यावर ती हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही.

५ मार्च, सकाळ
जुनी पावडर आणली. घरातलं सगळं कापड पुन्हा धुवायला काढलं. ही मशीन लावताना काहीतरी पुटपुटली. विचारलं तर म्हणाली, काही नाही.

५ मार्च, संध्याकाळ
खाजवलं. पण फक्त कंगव्यानं. कंगव्याचं संकल्पात काही ठरलं नव्हतं.

९ मार्च
मेडिकलवाल्याला हात दाखवला. त्यानं काउंटरपलीकडूनच बघून एक मलम दिलं. म्हणाला, बेस्ट आहे, सगळे हेच नेतात. लावलं आणि अर्ध्या तासात खाज गायब! ही डॉक्टरकडे जा म्हणून मागे लागली होती. तिला मलमाची ट्यूब दाखवली आणि एक शब्द बोललो नाही. कधी कधी शांत राहूनच जिंकावं लागतं.

१३ मार्च
मलमाचा असर गेला. पुरळ आता पोटावरही. बहुधा मलम नकली निघालं.

१६ मार्च
शोरूममध्ये तमाशा.

गादी विकायची तर आधी आपण आडवं होऊन दाखवावं लागतं, हे माझं ठाम मत. त्यावरच माझं नाव आहे. बाकीचे सेल्समन नुसती हातानं दाबून दाखवतात. मी डोळे मिटून पडतो, एक मंद हसू आणतो, गिऱ्हाईक आपोआप शेजारी टेकतं. आज एक नवरा-बायको आले. सगळ्यांत महागाची गादी त्यांच्या मनात भरली होती. मी पडलो, डोळे मिटले, हसू आणलं. आणि कधी कमरेला हात गेला, माझं मलाच कळलं नाही. दोन्ही हातांनी खाजवत होतो म्हणे. त्या बाईंनी विचारलं, या गादीत ढेकूण आहेत का?

मी म्हणालो, नाही हो, गादीत काही नाही, हे माझंच आहे. मला वाटलं, हे ऐकून त्यांना हायसं वाटेल. नवऱ्यानं बायकोचा दंड धरला आणि दोघं बाहेर. मालक केबिनच्या काचेतून बघत होते.

१७ मार्च
मालकांनी बोलावून घेतलं. उद्यापासून मी उशांचा विभाग सांभाळायचा. गाद्यांवर पडायचं नाही. एका माणसाकडे स्वतंत्र विभाग देणं ही या शोरूममधली पहिलीच वेळ. घरी आल्यावर बढतीची बातमी दिली. हिनं विचारलं, उशांवर झोपून दाखवतात का? 

१९ मार्च
आता हिलाही खाज. अण्णांनाही. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना खाज म्हणे बरेच दिवस आहे. डिसेंबरात कमरेच्या दुखण्यासाठी ते हॉस्पिटलात राहून आले, तेव्हापासून पाठ दाराच्या चौकटीला घासत असतात. मी तेव्हा म्हणालो होतो, वय झालं की कातडी कोरडी पडते. हिनं आज त्यावरून विषय काढला. मी म्हणालो, उगाच खाजवून खरूज काढू नकोस. ती खाजवायची थांबली. मग म्हणाली, मलाही तेच वाटतंय. खरूजच असेल.

माझ्या घरात? दोन वेळा आंघोळ करणाऱ्या माणसाला? काहीही बोलते.

२१ मार्च
हिनं अपॉइंटमेंट घेऊन टाकली. मला न विचारता.

त्वचेच्या डॉक्टरबाई वयानं आमच्या लेकीएवढ्या. माझा हात उजेडात धरला, बोटांमध्ये भिंगातून बघितलं आणि म्हणाल्या, खरूज आहे. मी म्हणालो, अ‍ॅलर्जी असणार. पावडरीची, हवेची, टेन्शनची, अशी तीन कारणं मांडली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, काका, एक बारीक किडा असतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मादी कातडीत बोगदा करते आणि आत अंडी घालते. अंगाला अंग लागून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. तुम्ही दिवसातून किती वेळा आंघोळ करता, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मी विचारलं, मग खाज कशानं येते? म्हणाल्या, त्या किड्याविरुद्ध आपलं शरीर चिडतं, म्हणून.

म्हणजे अ‍ॅलर्जीच ना! नेमकं हेच मी केव्हापासून सांगतोय. त्यांनी हिच्याकडे बघितलं आणि हिनं त्यांच्याकडे. बायका एकमेकींना पटकन सामील होतात.

मेडिकलवाल्याचं मलम आधी बंद करायला सांगितलं. त्यानं खाज दबते आणि किडा मजेत राहतो म्हणे. नवी क्रीम दिली. गळ्यापासून तळपायांपर्यंत सगळीकडे लावायची. बेचक्यांत, नखांखाली, बेंबीत, जिथे खाज नाही तिथेसुद्धा. रात्रभर ठेवून सकाळी धुवायची. आठवड्यानं पुन्हा तेच. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, कुणाला काही होत असो वा नसो. चादरी, टॉवेल, कपडे गरम पाण्यात. जे धुता येत नाही, ते पिशवीत बांधून काही दिवस बाजूला. आणि खाज लगेच थांबणार नाही, किडे मेल्यावरही काही आठवडे राहते.

निघताना त्यांनी विचारलं, घरी लहान मूल आहे का? मी म्हणालो, नाही. खरंच नाही. लेक नातीला घेऊन येणार आहे ती पुढच्या महिन्यात.

२२ मार्च
क्रीम लावली. डॉक्टर लोक सगळं वाढवून सांगतात, म्हणजे आपण निदान अर्धं करतो. मी थेट अर्ध्यावर आलो. हात आणि पोट. पाठीला खाज नाही, मग पाठीनं काय पाप केलंय? अण्णा म्हणाले, मला या वयात रंगवू नका. मी त्यांची बाजू घेतली. वडिलांचा मान राखायला हवा. हिनं मात्र स्वतःला गळ्याखाली पूर्ण माखून घेतलं आणि आमच्या दोघांकडे अशी बघत राहिली, जणू आम्ही बसचं तिकीट न काढता बसलोय.

२३ मार्च
हिचं टुमणं सुरू. लेकीला फोन करून सांगू या, येणं थोडं पुढे ढकलेल. मी साफ नाही म्हणालो. बबडीला मी अजून मांडीवरसुद्धा नीट घेतलेलं नाही. बारशाला गेलो तेव्हा ती सगळा वेळ झोपलेली आणि सगळा वेळ दुसऱ्याच कुणाकडे. आता पाच महिन्यांची झालीय. ती येईपर्यंत सगळं खडखडीत बरं होईल. मी जबाबदारी घेतली. शब्दशः म्हणालो, माझ्यावर सोड.

२५ मार्च
आजार आला कुठून, याचा छडा लावला. जानेवारीत साडूभाऊ मुक्कामाला होते. माझ्याच पलंगावर, माझ्याच पांघरुणात. त्यांना फोन लावला. आडवळणानं सुरुवात केली, तब्येत कशी, त्वचा कशी. ते आधी का कू करायला लागले. मग म्हणाले, तुमच्याकडून परत आल्यावर महिन्याभरानं आम्हा सगळ्यांना खाज सुटली होती. औषध घेतलं, बरे झालो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

किती खोटारडा माणूस. आणि किती नम्रपणे.

हिला यातलं काही सांगितलं नाही.

२९ मार्च
आज क्रीमचा दुसरा हात लावायचा दिवस होता. पण खाज पुष्कळच कमी आहे. किडा समजूतदार असेल तर निघून गेला असेल. शिवाय शोरूममध्ये उशांची मोजदाद होती, दमलो होतो. हिनं स्वतः लावलं. मला विचारलं, लावलंस का? हो म्हणालो. पहिल्यांदा लावलं होतंच, त्यामुळे हे खोटं नाही.

४ एप्रिल
आल्या! लेक थकलेली, बबडी टवटवीत. जावयांना रजा नाही, ते न्यायला येतील. महिनाभर मुक्काम!

बबडीनं माझा चष्मा ओढला. ही म्हणाली, सगळ्यांचाच ओढते. असेल. पण माझा ओढताना हसली.

१० एप्रिल
नवा दिनक्रम. मी शोरूममधून जेवायला घरी येतो आणि पंधरा-वीस मिनिटं बबडी माझ्या छातीवर पालथी झोपते. दुसऱ्या कुणाकडे झोपत नाही, माझ्याकडे झोपते. लेक म्हणाली, बाबा, तुमच्याकडे काय जादू आहे? मी म्हणालो, इतकी वर्षं गाद्या विकल्या, माणसाला झोप कशी लागते ते मला कळणार नाही तर कुणाला?

तिच्या श्वासाबरोबर माझा शर्ट एका ठिकाणी ओला होतो. मी हलत नाही. मालक उशीर झाला म्हणून बोलले. बोलू देत.

१८ एप्रिल
हिनं स्वयंपाकघरात गाठलं. तू परत खाजवतोयस. मी म्हणालो, घाम. ती म्हणाली, बाळाला घेऊ नकोस, आधी डॉक्टरकडे जाऊ. मी म्हणालो, लेकीसमोर हा विषय काढशील तर याद राख. आवाज थोडा चढला. आतून लेकीनं विचारलं, काय झालं? दोघं एकदम म्हणालो, काही नाही.

ही आज जेवताना माझ्याशी बोलली नाही. मी नंतर बोलेन तिच्याशी. विषय वाढवणं माझ्या स्वभावात नाही.

२७ एप्रिल
बबडी चिडचिड करते. दात येत असतील. तळपायांवर लाल पुरळ आहे, डास असतील. मच्छरदाणी आणली. ती बांधताना स्टुलावरून पडलो, म्हणजे प्रयत्नात मी कुठे कमी पडलो असं कुणी म्हणू शकणार नाही.

१ मे
मच्छरदाणीत डास नाही. पुरळ वाढलं. तळहातांवर पाण्याचे बारीक फोड. बबडी दूध पिता पिता मध्येच सोडून रडते आणि पाय पायावर घासते. लेक तिला खांद्यावर घेऊन घरभर फिरते. मी म्हणालो, दे माझ्याकडे. माझ्याकडेही रडली. पहिल्यांदाच.

दात. नक्की दात.

२ मे
मी शोरूममध्ये असताना ही आणि लेक बबडीला घेऊन त्याच डॉक्टरबाईंकडे गेल्या. घरी आलो तर दोघी टेबलाशी. बबडी झोपलेली, हातांत मोजे. खाजवू नये म्हणून.

हिनं तिथे सगळं सांगून टाकलं होतं.

लेक ओरडली नाही. ओरडली असती तर मला बोलता आलं असतं. तिनं एवढंच विचारलं, बाबा, तुम्हाला माहीत होतं?

मी म्हणालो, निदानाबद्दल आमच्यात मतभेद होते.

 ती म्हणाली, महिनाभर बबडी तुमच्या अंगावर झोपत होती. आणि उठून आत गेली. ही पण तिच्यामागे गेली. अण्णा म्हणाले, मी तर तेव्हाच लावून घ्यायला हवं होतं.  तेव्हा तर मीच त्यांची बाजू घेतली होती.

३ मे
घरात लष्करी राजवट. हुकूम हिचा. नखं कापली, अण्णांची मी, माझी हिनं. माझी नखं माझ्यावर सोडायला ती तयार नव्हती. संध्याकाळी सगळ्यांना क्रीम. अण्णा मुकाट्यानं पाठ करून उभे राहिले. पाठीवर ओरखडेच ओरखडे होते. इतके दिवस शर्टाच्या आत होते, मी कधी बघितले नव्हते. क्रीम लावताना त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, गार वाटतंय रे.

बबडीला डोक्यापासून लावायची, कपाळ आणि गाल धरून, फक्त डोळे आणि तोंड सोडून. लेकीनंच लावली. मी दारात उभा होतो. तिनं दार लोटून घेतलं. वाऱ्यानं लागलं असेल.

४ मे
मशीन दिवसभर चालू. चादरी, अभ्रे, टॉवेल, बबडीची झबली. मी दोऱ्या बांधल्या, वाळत घातलं, घड्या केल्या. शोरूमला दांडी. मालकांना फोनवर खरं कारण सांगितलं, म्हणजे अ‍ॅलर्जी म्हणालो आणि लगेच खरूज म्हणालो.  मग म्हणाले, उपचार झालाय ना, मग उद्या या. पण उशा डोक्याला लावून दाखवू नका.

५ मे
जावई आले. लेक आणि बबडी त्यांच्याबरोबर गेल्या. तिकडे जावयांनाही औषध लावायचं, दुसरा हातही तिकडेच. मुक्काम संपला. मी म्हणालो, अजून थोडे दिवस राहायचं होतं. लेक म्हणाली, हो ना.

बबडीला टाटा केला, लांबून. तिनं बघितलं. मोज्यातला हात हलला असं मला वाटलं.

१० मे
दुसरा हात. मी स्वतः आठवण केली. बेचक्यांत, नखांखाली, बेंबीत, सगळीकडे. पाठीला हिनं लावली. एकही जागा सोडली नाही.

१५ मे
खाज आहेच! ही क्रीम कुचकामी. तिसऱ्यांदा लावणार होतो, हिनं ट्यूब काढून घेतली. डॉक्टरबाईंना फोन केला. म्हणाल्या, काका, नवं पुरळ आहे का? नाही. मग ही जुनीच खाज, आस्ते आस्ते जाईल, उगाच क्रीम थापू नका. शेवटी म्हणाल्या, धीर धरा. मला! माझ्यासारखा धीराचा माणूस त्यांनी बघितला नसेल.

लेकीला फोन केला. जावयांनी उचलला. बबडी बरी आहे, तिची आई झोपलीय म्हणाले. भरदुपारी.

२२ मे
पुन्हा फोन. लेक बोलली. बबडीचे तळवे साफ झाले, आता नीट झोपते. आवाजावरून राग उतरलाय. म्हणजे तिनं अण्णांची चौकशी केली, आईची केली, शोरूमचीही केली. माझी वेगळी करायची काय गरज?

२८ मे
ठरवलं. जाऊन यायचं. न कळवता! सरप्राइज. मालकांकडून चार दिवसांची रजा घेतली. ही म्हणाली, आधी फोन कर. मी म्हणालो, फोन केला तर सरप्राइज कसलं? तिनं माझे कपडे भरून दिले, सगळे गरम पाण्यात धुतलेले, इस्त्री केलेले. बबडीसाठी कापडी ससा घेतला. खाज जवळजवळ नाही. मन प्रसन्न. लेक दार उघडेल, ओरडेल, बाबा! आणि बबडीला माझ्याकडे देईल. मग दुपारची झोप. ती काही विसरली नसेल.

३० मे
लेकीनं दार उघडलं. बाबा, म्हणाली. ओरडली नाही. मग आत घेतलं.

बबडी चटईवर बसली होती, बसायला लागलीय. मी हात धुतले, कुणी सांगायच्या आधीच, दोनदा, साबणानं. बाह्या वर करून लेकीला हात दाखवले, पुढून आणि मागून. तिनं बघितले. बराच वेळ बघितले. मग बबडीला उचलून माझ्याकडे दिलं.

बबडीनं माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. खालचा ओठ काढला आणि भोकाड पसरलं. चष्मा काढला, तरी तेच. ससा दाखवला, तरी तेच. अंग मागे टाकून लेकीकडे झेपावली. लेक म्हणाली, या वयात नवीन माणसाला रडतात हो, मनावर घेऊ नका.

नवीन माणसाला.

प्रवासाचा धुरळा होता माझ्या अंगावर. आणि दाढी सकाळी घाईत केली होती. शिवाय तिची झोपेची वेळ होती.

लेकीनं चहा केला. बबडी तिच्या खांद्यावर झोपून गेली. चहा झाल्यावर लेकीनं हळूच विचारलं, बाबा, परतीची बस कितीची?

म्हणालो, साडेचारची.

निघताना तिची नजर बॅगेवर गेली. एवढी मोठी बॅग कशाला आणलीत, असं विचारलं. म्हणालो, काही नाही, सहज.